समोरचा संघ हलक्यात घेतो तेव्हा: तक्त्याच्या तळाला असलेल्या हॉकी संघासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या स्थानिक लीगमध्ये कॉलेजच्या पोरांचा एक संघ सात सामन्यांत सहा पराभव आणि एक बरोबरी घेऊन तक्त्याच्या तळाला आहे. सहापैकी चार सामने एकाच गोलने गेले, त्यातले तीन शेवटच्या दहा मिनिटांत. पुढचा सामना पहिल्या क्रमांकाशी, एका सरकारी खात्याच्या संघाशी. त्यांचे खेळाडू चहाच्या टपरीवर बोलून मोकळे झालेत की तुमच्याविरुद्ध आम्ही राखीव पोरं उतरवणार. कर्णधारच कोचही आहे, आणि तो विचारतो: ते आम्हाला हलक्यात घेतात याचा खरंच फायदा होतो का? होत असेल तर सुरुवातीपासून चढायचं की मागे थांबायचं? आणि हे सगळं पोरांना सांगायचं का?

फायदा होतो. पण तुम्हाला वाटतं त्या ठिकाणी होत नाही, आणि वाटतं तेवढा वेळ टिकत नाही.

आधी राखीव खेळाडूंचं बघू, कारण तिथेच तुमचा हिशेब चुकतोय असं मला वाटतं. राखीव पोरं येणार म्हणजे काम सोपं, असं तुम्ही धरून चाललाय. मोठ्या संघाचा राखीव खेळाडू हा त्या दिवशी मैदानावरचा सर्वात भुकेला माणूस असतो. महिनाभर बाकावर बसून त्याला एक सामना मिळालेला असतो आणि कोचचे डोळे त्याच्यावर असतात. तो पळणार, टॅकलला झोकून देणार, परतही येणार. ढिलाई असते ती त्याच्या आजूबाजूच्या जुन्या खेळाडूंत. ज्यांची जागा पक्की आहे, ज्यांना पुढच्या आठवड्यात बाहेरगावी स्पर्धेला जायचंय आणि पायाला काही लागू नये एवढीच ज्यांची इच्छा आहे, ते. दुसरी गोष्ट म्हणजे जुळणी. राखीव राइट हाफ आणि नेहमीचा सेंटर हाफ एकमेकांसोबत फारसे खेळलेले नसतात. बॉल दोघांच्या मधून गेला की दोघंही एकमेकांकडे बघतात. आणि तिसरी, सर्वात महत्त्वाची: पेनल्टी कॉर्नर, म्हणजेच शॉर्ट कॉर्नर, फाउलवर गोलरेषेवरून बॉल आत ढकलून मिळणारी गोलची संधी. बॉल आत ढकलणारा, अडवणारा आणि मारणारा ही तिघांची सवयीची साखळी असते. त्यातला एक जरी विश्रांतीला बसला तरी त्यांचा शॉर्ट कॉर्नर निम्मा होतो. म्हणून सामन्याआधी त्यांची यादी हातात आली की कोण आलंय ते नंतर बघा, या तिघांपैकी कोण नाही ते आधी बघा.

सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर असा एक सामना मी पाहिलाय. मोठ्या संघाने दोन सीनियर आणि पहिला गोली बाहेर ठेवले. तासाभरात संपवून घरी जायचं, असा सगळा थाट. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन गोल खाल्ल्यावर कोचने दोघा सीनियरना घाईघाईने आत पाठवलं. ते बाकावर ट्रॅकसूट घालून गप्पा मारत बसलेले, अंग थंड. आत आल्यावर पहिले तीन ट्रॅप (स्टिकवर बॉल अडवणं) सुटले, एकाने चिडून पायात स्टिक घातली आणि ग्रीन कार्ड घेऊन दोन मिनिटं परत बाहेर बसला. संघ शेवटी जिंकला, ३-२. दोन गोलची आघाडी घेणाऱ्या पोरांनी उरलेल्या तीन क्वार्टरचा विचारच केला नव्हता. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच सामन्यात आहे.

हलक्यात घेणं डोक्यात असतं असं आपण म्हणतो, पण मैदानावर ते पायांत दिसतं, आणि ते ओळखायला पहिली पाच-सात मिनिटं पुरतात. फॉरवर्डकडून बॉल सुटला की तो काय करतो ते बघा. एरवी तो लगेच वळून निदान हाफलाइनपर्यंत पळत येतो. हलक्यात घेतलेल्या दिवशी तो तिथेच थांबतो, अंपायरकडे हात करतो, कमरेवर हात ठेवतो, मग चालत निघतो. दोन्ही फुलबॅक हाफलाइनवर येऊन उभे राहतात. ट्रॅप एका हाताने होतात. आणि सर्वांत ओळखीची खूण: कमजोर संघासमोर प्रत्येकाला गोल स्वतःच्या नावावर हवा असतो. एरवी पास देणारा राइट इन त्या दिवशी दोघा-तिघांना चकवायला जातो. डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, त्यांची सहा माणसं जमतात आणि मागे सगळं मैदान मोकळं पडतं. तुमचा फायदा तिथे आहे, त्या मोकळ्या पडलेल्या चाळीस मीटरमध्ये.

म्हणून चढायचं की थांबायचं, याचं माझं उत्तर: पहिली काही मिनिटं बॉल त्यांच्याकडे राहू द्या, डी मात्र देऊ नका. तुमची पोरं पहिल्या शिट्टीपासून त्यांच्या अंगावर गेली तर तुम्ही त्यांना स्वतःच जागं कराल. हाफलाइनच्या आत, आपल्या अर्ध्यात उभे राहा, मधली वाट बंद ठेवा, आणि त्यांना त्यांच्या डाव्या बाजूला, म्हणजे तुमच्या उजवीकडे ढकला. कारण साधं आहे. स्टिकची सपाट बाजू एकच आणि सगळे उजव्या हाताचेच खेळतात. उजव्या विंगवरून डीत बॉल टाकणं नैसर्गिक हिट आहे. डाव्या विंगवरून टाकायचा तर एकतर पाय पूर्ण फिरवून घ्यावे लागतात, नाहीतर रिव्हर्स, म्हणजे उलट्या स्टिकने, मारावा लागतो. टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, रिव्हर्स हिट झपकन जातो. आपल्या गवताच्या मैदानावर, जिथे बॉल दर दोन मीटरवर जागा बदलतो, तिथे चांगल्या-चांगल्यांचा रिव्हर्स बॉलच्या वरून जातो.

गवताचा मुद्दा निघालाच आहे तर. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकला मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, आपण तिथे सातवे आलो, आणि तेव्हापासून गवत विरुद्ध टर्फ हे रडगाणं आपण गातोय. पण तुमच्यासाठी या सामन्यापुरतं गवत हे वरदान आहे. खात्याच्या संघातले सीनियर बाहेरच्या स्पर्धा टर्फवर खेळतात, त्यांचा हात त्या वेगाला बसलेला असतो. तुमची पोरं रोज उसळणाऱ्या बॉलवरच वाढलीत. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही डींमधून चालत फिरा. कुठे खळगा आहे, कुठे गवत उडून मुरूम वर आलाय, कुठे पाणी जास्त पडलंय, हे तुमच्या गोलीला आणि बॉल अडवणाऱ्याला पायांनी माहीत असलं पाहिजे. टॉस जिंकलात तर बाजू मागा. दुपारचा सामना असेल तर दुसऱ्या हाफमध्ये उतरतं ऊन कोणाच्या गोलीच्या डोळ्यांत जाणार, एवढा एक प्रश्न टॉसला विचारा.

आता बॉल मिळाल्यावर काय. इथे बहुतेक कमजोर संघ घाण करतात. बॉल हिसकावला की एकटाच पोरगा पळत सुटतो, साठ मीटर धावतो, डीच्या टोकाशी पोचेपर्यंत दम संपतो आणि मग लांबून एक कसाबसा हिट. गोलीसाठी तो सराव असतो. तुम्हाला मैदानी गोल मिळेलच असं नाही, तुम्हाला शॉर्ट कॉर्नर मिळवायचाय. पहिला पास पुढे आणि उजवीकडे, दुसरा तेवीस मीटरच्या रेषेपाशी, आणि तिथून बॉल घेऊन डीत शिरायचं ते फुलबॅकच्या डाव्या हाताच्या बाजूने, जिकडे त्याला उलट्या स्टिकनेच खेळावं लागतं. मागे पळत येणारा, तोंड स्वतःच्या गोलकडे असलेला बचावपटू तिथे दोनच गोष्टी करू शकतो: स्टिक चुकवतो किंवा बॉल पायावर घेतो. डीत बॉल त्याच्या पायाला लागला, आपल्या पोराने हात वर केला, काम झालं. अर्थात अंपायरने दिला तर. नाही दिला तर एक शब्द बोलायचा नाही, त्यावर पुढे येतोच.

शॉर्ट कॉर्नरला त्यांचे गोलीसह पाचच जण गोलरेषेमागे असतात, बाकीचे हाफलाइनपलीकडे. अख्ख्या सामन्यात समोरचा तगडा संघ नियमानेच एवढा लहान होतो असा क्षण दुसरा नाही. तळाच्या संघाने सरावाचा निम्मा वेळ यावर का घालवू नये, हे मला कधीच कळलेलं नाही. ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत उचलून फेकण्याचा, नाद मात्र सोडा. एका आठवड्यात तो येत नाही, आणि गवतावर तर नाहीच. सरळ हिट ठेवा. फक्त लक्षात असू द्या, पहिला फटका हिट असेल तर गोलरेषा ओलांडताना बॉल ४६० मिलिमीटरच्या वर असून चालत नाही, म्हणजे मागच्या फळीच्या उंचीत. फळीवर ठक्क आवाज आला पाहिजे. जाळीत गेलेला हिट कितीही देखणा असला तरी गोल नाही.

याचा सराव कसा करायचा ते जरा जवळून सांगतो. बॉल ढकलणारा एकच पोरगा ठरवा आणि त्याने रोज तेच करायचं. एक पाय रेषेबाहेर, बॉल स्टिकच्या दांड्याला चिकटलेला, ढकलताना गुडघा वाकवून अंग बॉलच्या मागे. मारायचा नाही, ढकलायचा. मारला की उसळतो. डीच्या टोकाशी अडवणाऱ्याने स्टिक आडवी, जमिनीला टेकवून, हाताची बोटं गवताला लागतील इतकी खाली ठेवायची. उभ्या स्टिकने गवतावर बॉल थांबत नाही, स्टिकवरून उडी मारतो. बॉल डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोल धरत नाहीत, म्हणून अडवण्याची जागा रेषेच्या एक वीत बाहेर आणि तिथली माती आधीच बुटाने दाबून घेतलेली. मारणाऱ्याचा उचललेला पाय आणि बॉल थांबणं एकाच ठेक्यात आलं पाहिजे, आणि ते फक्त पुनरावृत्तीने येतं. दोनच प्रकार बसवा: सरळ हिट, आणि मारणाऱ्याने मारण्याचा आव आणून डावीकडे सरकवलेला बॉल. तिसरा प्रकार बसवू नका. ऐन वेळी पोरं तिन्ही विसरतात. आणि सामन्याआधीच्या वॉर्म-अपमध्ये यातलं काहीही दाखवायचं नाही. तिथे आळसावलेल्या पुश मारत बसा.

एका शॉर्ट कॉर्नरवर सामना जातो का? टोकियो ऑलिम्पिकमधला आपल्या मुलींचा क्वार्टर फायनल आठवा. गटात पहिले तीन सामने हरून, नेदरलँड्सकडून १-५ खाऊन, शेवटचे दोन जिंकून त्या गटात चौथ्या आल्या. आयर्लंड ब्रिटनकडून हरलं म्हणून पुढची फेरी मिळाली. समोर ऑस्ट्रेलिया, पाचपैकी पाच जिंकलेला, अख्ख्या गटात एकच गोल खाल्लेला. २२व्या मिनिटाला आपल्याला सामन्यातला आपला एकमेव पेनल्टी कॉर्नर मिळाला, गुरजीत कौरने तो घातला, आणि नंतरचा सगळा वेळ गोली सविता पुनिया आणि तिच्यापुढच्या मुलींनी तो एक गोल राखला. १-० हा निकाल सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते हे, की आघाडी घेतल्यानंतर अडतीस मिनिटं शिल्लक होती आणि ती कशी काढायची हे संघाला माहीत होतं.

दुसरं उदाहरण तुमच्या परिस्थितीला आणखी जवळचं. २०१८चा भुवनेश्वरचा विश्वचषक. फ्रान्स क्रमवारीत विसावा, स्पर्धेतला सर्वांत खालचा संघ. समोर अर्जेंटिना, रिओचा ऑलिम्पिक विजेता, जगात दुसरा, आणि त्याचा गटातला पहिला क्रमांक आधीच पक्का झालेला. म्हणजे हरलो तरी काही बिघडत नाही अशी स्थिती. मध्यंतराला फ्रान्स ४-१ने पुढे. मग अर्जेंटिना जागी झाली, गोन्झालो पेयातने दोन गोल चढवले, ४-३. इथे बहुतेक छोटे संघ कोसळतात. फ्रान्सने पाचवा मारला आणि ५-३ने सामना घेतला. ही पाचव्या गोलची तयारी तुमच्याकडे आहे का, हा माझा तुम्हाला उलट प्रश्न आहे.

(१९८०ला मॉस्कोत झिम्बाब्वेच्या मुलींनी सुवर्ण घेतलं, ते उदाहरण कोणीतरी देईलच. बहिष्कारामुळे बडे संघ आलेच नव्हते आणि झिम्बाब्वेला ऐनवेळी बोलावलं होतं. गोष्ट झकास आहे, पण तुमच्यासमोरचा बडा संघ मैदानावर हजर असणार आहे.)

तर आघाडीनंतर काय. समोरच्याची झोप पहिल्या गोलपर्यंत, फार तर पहिल्या ब्रेकपर्यंत टिकते. त्या दोन मिनिटांत त्यांचा कोच जे बोलणार ते सभ्य माणसाला ऐकवत नाही, आणि दुसऱ्या क्वार्टरपासून तुमच्यासमोर खरा पहिल्या क्रमांकाचा संघ असणार. तुमच्याच आकड्यांत लिहिलंय की तीन सामने शेवटच्या दहा मिनिटांत गेले. त्याला पोरांचं मन कच्चं आहे असं म्हणून मोकळे होऊ नका. मी पैज लावतो, तुमचे तीन-चार चांगले खेळाडू पूर्ण साठ मिनिटं मैदानावर असतात. बदली पोरं कच्ची म्हणून तुम्ही त्यांना काढायला भिता. नागपूरच्या उन्हात फॉरवर्ड सलग पंधरा मिनिटं पळाला की पुढची पाच तो नुसता उभा असतो. तिथे कच्चा पण ताजा पोरगा जास्त कामाचा. बदल कितीही करता येतात, फक्त पेनल्टी कॉर्नर चालू असताना नाही. पुढच्या फळीला सहा-सात मिनिटांनी फिरवा आणि सेंटर हाफलाही तिसऱ्या क्वार्टरमध्ये चार मिनिटं बसवा, तो नाही म्हणाला तरी. तो नाही म्हणणारच.

गोल केल्यानंतर लगेचची मिनिटं सर्वांत धोक्याची. पोरं मिठ्या मारून परत येतात, अजून हसत असतात, आणि मधून बॉल सुरू होतो. तेव्हा दोघांनी फक्त ओरडायचं काम करायचं, बाकी काही नाही. सोळा यार्डची हिट, म्हणजे त्यांच्याकडून बॉल आपल्या गोलरेषेबाहेर गेल्यावरची फ्री हिट, मिळाली की घाईने मधे मारू नका. तगडा संघ तिथेच प्रेस लावून बसलेला असतो. विंगच्या रेषेला धरून मारा. बाहेर गेला तरी त्यांना पन्नास मीटरवर मिळेल, डीच्या तोंडाशी नाही.

आणि नियमातले दोन सापळे पोरांच्या डोक्यात ठोकून बसवा. आपल्या तेवीस मीटरच्या आत मुद्दाम केलेला फाउल, डीच्या बाहेर असला तरी, पेनल्टी कॉर्नर देतो. दमलेला हाफ मागून स्टिक घालतो, त्याला वाटतं साधी फ्री हिट जाईल, आणि अंपायरचे दोन्ही हात गोलकडे जातात. तसंच घाबरून बॉल मुद्दाम आपल्याच गोलरेषेबाहेर काढला तरी पेनल्टी कॉर्नर. चुकून गेला तर फक्त त्यांना तेवीसच्या रेषेवरून सुरुवात मिळते. फरक अंपायर ठरवतो, म्हणून ती वेळच येऊ नये यासाठी बॉल साइडलाइनला काढायची सवय लावा.

तोंडही बंद ठेवायचं. ग्रीन कार्डची दोन मिनिटं मोठ्या संघाला परवडतात. तुम्ही दहा जणांवर गेलात की त्या दोन मिनिटांत शॉर्ट कॉर्नर ठरलेलाच. अंपायरशी एकट्या कर्णधाराने बोलायचं, तेही हसून.

त्यांचे शॉर्ट कॉर्नर तुम्हाला भोगावेच लागणार. चार पोरं आणि गोली. पहिला रनर, म्हणजे मारणाऱ्यावर धावून जाणारा, बॉलच्या रेषेत सरळ, बाकीचे आपापल्या खांबाला आणि मधल्या जागेला. बॉल हलायच्या आत पळू नका. जो आधी सुटला त्याला हाफलाइनपलीकडे जावं लागतं आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. फेसमास्क आणि गुडघ्याचं पॅड नसेल तर पोराला पहिला रनर म्हणून पाठवू नका, एक गोल गेला तर गेला. मास्क विकत घ्यायला पैसे नसतील तर मागा. नागपुरात जुने खेळाडू अशा वेळी नाही म्हणत नाहीत, मी स्वतः लोकांच्या घरून आणलेत.

शेवटच्या मिनिटांत तुम्ही पुढे असाल आणि त्यांनी गोली काढून अकरावा मैदानी खेळाडू उतरवला तर तुमची पोरं हाफलाइनवरून रिकाम्या गोलात मारायला धावतील. तो गोल धरला जात नाही, डीच्या आत आपल्या कोणाची तरी स्टिक बॉलला लागायलाच हवी. म्हणून बॉल मिळाला की त्यांच्या कोपऱ्याच्या झेंड्याकडे न्या आणि तिथे अंग आडवं न घालता राखून धरा. फ्री हिट मिळवा, लाँग कॉर्नर मिळवा, वेळ जाऊ द्या. कंटाळवाणं दिसतं. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडेल, "अबे, मार ना!" त्याला तक्त्यात गुण मिळत नाहीत.

बरोबरी झाली तर? लीगमध्ये शूट-आउट नाही, एक गुण घ्या आणि घरी जा. बाद फेरीचा प्रश्न वेगळा. २०१८च्या महिला विश्वचषकात आयर्लंड सोळा संघांत क्रमवारीने शेवटून दुसरं होतं आणि तरी फायनलला पोचलं. वाटेत आपल्या मुलींना ०-० रोखून शूट-आउटमध्ये काढलं, पुढे स्पेनलाही शूट-आउटमध्येच. फायनलमध्ये नेदरलँड्सने सहा गोल मारले, कारण नेदरलँड्स कोणालाच हलक्यात घेत नव्हतं. असे संघही असतात, आणि त्यांच्यापुढे वरचं सगळं फारसं चालत नाही. तुमच्यासमोरचे मात्र टपरीवर बोलतायत, म्हणजे ते त्यातले नाहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, पोरांना सांगायचं का. "ते आपल्याला काहीच समजत नाहीत, दाखवून देऊ" हे भाषण देऊ नका. नागपूरच्या पोट्ट्यांना एवढं सांगितलं की ते हॉकी सोडून भांडायला जातात. पहिल्या पाच मिनिटांत एक जण आडवी टॅकल मारतो, कार्ड घेतो आणि तुमची सगळी आखणी बाकावर जाऊन बसते. शिवाय अपमानावर चढलेलं अवसान एक गोल खाल्ला की उतरतं. त्याऐवजी प्रत्येकाला एकच कामाची गोष्ट सांगा. लेफ्ट हाफला सांगा: त्यांचा उजवा विंगर परत येत नाही, त्याच्या मागची जागा तुझी. राइट विंगला सांगा: फुलबॅक हाफलाइनवर आला की तू त्याच्या मागे जाऊन उभा राहा, ऑफसाइड आता नाही. गोलीला सांगा: लांबून मारतील, पॅडने बाजूला काढ, पुढे परत देऊ नकोस. एवढ्यावर पोरं स्वतःच बघायला लागतात. पहिल्या ब्रेकला कोणीतरी घाम पुसत येऊन म्हणतं, "सर, तो अकरा नंबर वापस येतच नाही ना." त्याला म्हणायचं, आता हे बाकीच्यांना तूच सांग.

सामन्याला आठवडा असेल तर चार दिवस फक्त दोन गोष्टी: शॉर्ट कॉर्नर आणि आघाडीचा सराव. आघाडीचा सराव म्हणजे तुमच्याच पोरांचे दोन भाग करायचे, एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला अकरा. आठ जण १-०ने पुढे आहेत असं धरायचं आणि दहा मिनिटांचं घड्याळ लावायचं. पहिल्या दिवशी आठ जण चार गोल खातील. खाऊ द्या. गोल कुठून गेला ते प्रत्येक वेळी थांबवून त्यांच्याकडूनच वदवून घ्या. पाचव्या दिवशी हलका सराव, सहाव्या दिवशी स्टिकला हात लावायचा नाही. आणि त्या दिवशी कोणी टपरीवर जाऊन बोलायचं नाही, विशेषतः तुम्ही.